८ पैसे, १३ टक्के की १.९ टक्के? संरक्षणाच्या बजेटचा हिशेब

दर १ फेब्रुवारीला संध्याकाळी एक वाद ठरलेला. एक जण म्हणतो, सरकार रुपयातले जेमतेम ८ पैसे संरक्षणावर घालतं. दुसरा म्हणतो, छे, बजेटच्या १३ टक्क्यांहून जास्त तिकडेच जातात. तिसरा जीडीपी काढतो आणि म्हणतो, २ टक्केसुद्धा नाहीत. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. फक्त तिघांचा भाजक वेगळा असतो, आणि एकाचा तर अंशही वेगळा.

या लेखात सगळीकडे २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज धरला आहे. नवं बजेट आलं की आकडे बदलायचे, रीत तीच. त्या वर्षी संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी मिळाले. केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी. भागाकार केला की १३.४५ टक्के. आता ‘रुपया कसा जातो’ हे गोल चित्र बघा. तिथे भाजकात राज्यांना जाणारा करांचा वाटा, म्हणजे १४.२२ लाख कोटी, मिळवलेला असतो. म्हणून तो ६४.८७ लाख कोटी होतो. आणि अंशातून सैनिकांचं निवृत्तिवेतन आणि मंत्रालयाचा नागरी खर्च काढलेला असतो, त्यामुळे ६.८१ चे उरतात ४.९२ लाख कोटी. तेच ते ८ पैसे. निवृत्तिवेतन शेजारच्या ४ पैशांच्या ‘पेन्शन’ फोडीत नागरी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनबरोबर बसलेलं असतं. जीडीपी ३५६.९८ लाख कोटी धरला होता, त्यावर १.९ टक्के.

या तिन्ही आकड्यांपैकी एकानेही हे कळत नाही की या वर्षी नवीन काय घेता येईल. ते कळायला चार मागण्या उघडाव्या लागतात.

खर्चाच्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयाच्या चार अनुदान मागण्या असतात, क्रमांक १९ ते २२. १९ म्हणजे मंत्रालयाचा नागरी खर्च: तटरक्षक दल, सीमा रस्ते संघटना वगैरे, २८,६८३ कोटी. २० म्हणजे तिन्ही दलांचा महसुली, म्हणजे पगार आणि रोजचा चालू खर्च, ३,११,७३२ कोटी. २१ म्हणजे भांडवली, म्हणजे शस्त्रखरेदी, संशोधन आणि बांधकामाचा खर्च, १,८०,००० कोटी. २२ म्हणजे संरक्षण निवृत्तिवेतन, १,६०,७९५ कोटी. चारही मिळवा, ६,८१,२१० येतात.

हेच शंभर रुपयांत मांडलं तर पगार-भत्ते २९, निवृत्तिवेतन जवळपास २४, दारूगोळा, इंधन, सुटे भाग, दुरुस्ती आणि रेशन मिळून १७, भांडवली २६, नागरी ४. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा माणसांवर जातो, आजच्या आणि कालच्या. यात गैर काही नाही. उंचावरची इतकी लांब सीमा माणसांनीच राखायची असते. पण ‘संरक्षणाचं बजेट साडेनऊ टक्क्यांनी वाढलं’ ही बातमी वाचून नजरेसमोर विमानं येत असतील, तर हे आधी माहीत हवं: त्याच वर्षी निवृत्तिवेतनाची तरतूद १३.८७ टक्क्यांनी वाढली आणि भांडवली तरतूद ४.६५ टक्क्यांनी.

जुन्या वर्षांशी तुलना करणाऱ्यांसाठी एक खाचखळगा. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्याला, यंत्र इंडिया नागपूरला. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, अंबाझरी इथल्या कारखान्यांचा खर्च पूर्वी संरक्षणाच्या मागणीतच वेगळ्या शीर्षाखाली दिसायचा. आता तोच तोफगोळा सैन्याच्या भांडार खरेदीत दिसतो. २०२०-२१ आणि आजचे आकडे शेजारी ठेवून ‘लष्कराची खरेदी अचानक वाढली’ असे आलेख काढले जातात, त्यातला काही भाग नुसती खातेबदली असते.

आता मागणी क्रमांक २१. १,८०,००० कोटींपैकी शस्त्रखरेदीला १,४८,७२३ कोटी. उरलेले ३१,२७७ कोटी संशोधन आणि बांधकामाचे. या १,४८,७२३ कोटींना सरकारी टिपणात ‘आधुनिकीकरण’ म्हणतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्याची नवी खरेदी होणार. तसं नसतं. यातला मोठा भाग आधी सही झालेल्या करारांच्या हप्त्यांचा असतो. मंत्रालयाच्या भाषेत कमिटेड लायबिलिटी. हे हप्ते टाळता येत नाहीत, टाळले तर दंड आणि अब्रू दोन्ही जातात. हप्ते भागवून जे उरतं, त्याच्यातून नव्या कराराची आगाऊ रक्कम निघते. खरं ‘आधुनिकीकरण’ तेवढंच.

हे उरणं शून्याच्याही खाली जाऊ शकतं. मार्च २०१८ मध्ये लष्कराने संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे जे सांगितलं ते तिच्या अहवालात छापलेलं आहे. आधुनिकीकरणासाठी मिळाले २१,३३८ कोटी, आणि चालू १२५ योजनांचे द्यायचे हप्तेच होते २९,०३३ कोटी. नवीन घेणं सोडा, जुनी उधारीही त्या तरतुदीत भागत नव्हती. त्याच साक्षीत लष्कराच्या साधनसामग्रीतली ६८ टक्के जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि ८ टक्के अत्याधुनिक असल्याचं उपप्रमुखांनी सांगितलं. आठ टक्क्यांची तेव्हा ठळक बातमी झाली. माझ्या मते बातमी २९,०३३ ची होती.

उधारी अशी कशी साचते? एक करार जवळून बघू. ३ फेब्रुवारी २०२१ ला ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा करार झाला, सुमारे ४८,००० कोटींचा. ७३ लढाऊ, १० प्रशिक्षण विमानं. पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायचं होतं. अशा करारात पैसा एकदम जात नाही. सही झाल्यावर आगाऊ रक्कम, मग ठरलेला टप्पा पूर्ण झाला की त्या टप्प्याचा हप्ता, आणि मोठा भाग विमान ताब्यात आल्यावर. इंजिन अमेरिकेच्या जीईचं, एफ-४०४. तेजसच्या आधीच्या गरजेची ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन झाली होती आणि ती उत्पादनसाखळी थंडावली होती. ती पुन्हा उभी करायला, पुरवठादार जमवायला वेळ गेला. ९९ इंजिनांच्या मागणीतलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आलं, म्हणजे विमान यायला हवं होतं त्यानंतर वर्षाने.

विमान आलं नाही की त्या टप्प्याचा हप्ता देता येत नाही. हप्ता दिला नाही की पैसा त्या शीर्षात पडून राहतो. डिसेंबरात सुधारित अंदाज ठरवताना अर्थ मंत्रालय विचारतं, नऊ महिन्यांत किती खर्च झाला? मग कात्री लागते. २०२४-२५ मध्ये संरक्षण सेवांच्या भांडवली खर्चाचा मूळ अंदाज १,७२,००० कोटी होता, सुधारित अंदाज १,५९,५०० कोटी झाला. १२,५०० कोटी परत. देणं मात्र मिटलेलं नसतं, ते पुढच्या वर्षावर चढतं. पुढच्या वर्षी इंजिनं धडाधड आली, दुसऱ्या कराराची जहाजंही वेळेवर उतरली, की सगळे हप्ते एकदम दारात. २०१८ सारखी कोंडी अशीच होते.

उलट बाजूही आहे. हाती पैसा नसला की सरकार जवळच्या पुरवठादाराला थांबवतं, आणि जवळचा पुरवठादार म्हणजे सरकारी कंपनी. परदेशी कंपनीचा हप्ता करारातल्या अटींमुळे अडवता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ९६२ कोटींचा ओव्हरड्राफ्ट घेतल्याचं स्वतःच जाहीर केलं होतं. हवाई दलाकडून यायची बाकी तेव्हा थकलेली होती. सरकारचं कर्ज तेवढ्याने कमी दिसलं, सरकारच्याच कंपनीचं वाढलं.

शिवाय रुपया. परकीय चलनातले हप्ते बाकी असतील तर कुठेही सही न करता किंमत वाढते. समजा वर्षभरात ५ अब्ज डॉलर द्यायचे आहेत. डॉलर ८५ वरून ९० ला गेला की २,५०० कोटी जास्त लागतात. हा फरक भरून द्यायला वेगळी पेटी नसते, तो नव्या खरेदीतूनच जातो.

‘खर्च न झालेला पैसा ३१ मार्चला का बुडू द्यायचा, साठवून का ठेवत नाहीत?’ हा प्रश्न जुना आहे. फेब्रुवारी २००४ च्या अंतरिम बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जसवंतसिंग यांनी २५,००० कोटींच्या न बुडणाऱ्या संरक्षण आधुनिकीकरण निधीची घोषणा केली होती. निवडणूक झाली, सरकार बदललं, निधी झाला नाही. मग १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ या पाच वर्षांसाठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेचा २,३८,३५४ कोटींचा असाच निधी सुचवला. त्यातले १,५३,३५४ कोटी एकत्रित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य खजिन्यातून यायचे होते, बाकीचे संरक्षणाच्या जादा जमिनी आणि सरकारी कंपन्यांमधला हिस्सा विकून. केंद्राने तत्त्वतः मान्य केलं आणि फाइल तिथेच राहिली. अर्थ मंत्रालयाची अडचण अशी: केंद्र तुटीत चालतं, म्हणजे ‘साठवलेला’ रुपया हा खरं तर काढलेल्या कर्जाचा रुपया. ७ टक्क्यांनी कर्ज काढून ते निधीत पडू द्यायचं, हे कुठल्याही खजिनदाराला पटणार नाही. संसदेने दरवर्षी मंजुरी द्यायची, या तत्त्वालाही त्याने वळसा पडतो. मला अर्थ मंत्रालयाचं म्हणणं निम्मं पटतं. पैसा साठवण्यापेक्षा हप्त्यांची पुढच्या पाच वर्षांची वेळापत्रकं दोन्ही मंत्रालयांनी बांधून घेतली आणि सुधारित अंदाजाच्या वेळी त्यांना हात लावला नाही, तर निधीची गरजच उरणार नाही. पण डिसेंबरात कात्री चालवायची ती सगळ्यात जाड कापडावरच चालवली जाते, आणि मागणी क्रमांक २१ जाड असते.

निवृत्तिवेतनावर थोडक्यात, कारण त्यावर आरडाओरड जास्त आणि हिशेब कमी होतो. ३४ लाखांच्या आसपास निवृत्तिवेतनधारक. ‘वन रँक वन पेन्शन’, म्हणजे समान पदाला आणि समान सेवेला समान पेन्शन, १ जुलै २०१४ पासून लागू, दर पाच वर्षांनी फेरआखणी, त्यामुळे २०१९ आणि २०२४ ला पुन्हा वाढ. वर वेतन आयोगाची पायरी. जवानांची चार वर्षांपुरती भरती करणारी अग्निपथ योजना जून २०२२ ला आली आणि ‘आता पेन्शनचा बोजा उतरेल’ असं म्हटलं गेलं. तो लगेच उतरत नाही, उतरूच शकत नाही. २०२२ मध्ये जुन्या पद्धतीने भरती झालेला जवान पेन्शनला आला असता तो १५ वर्षांनंतर, म्हणजे २०३७ च्या पुढे. तोवर जुन्या भरतीचे जवान निवृत्त होतच राहणार. अग्निवीराला चार वर्षांनी सेवानिधीचे साधारण ११.७१ लाख मिळतात, त्यातला निम्मा वाटा सरकारचा. म्हणजे सुरुवातीला थोडा नवा खर्चच वाढतो. योजना चांगली की वाईट हा लष्करी प्रश्न आहे. बजेटमधली बचत दिसायला मात्र आणखी दहाएक वर्षं जातील.

आता कर्ज. इथे चित्र उलटतं.

त्याच वर्षी केंद्राने व्याजापोटी धरलेली रक्कम होती १२,७६,३३८ कोटी. संरक्षणाच्या चारही मागण्या मिळवून जे होतं त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त. दिवसाला ३,४९७ कोटी. शस्त्रखरेदीची वर्षभराची तरतूद ४३ दिवसांच्या व्याजाएवढी. निव्वळ करउत्पन्न २८.३७ लाख कोटी, त्यातला ४५ टक्के वाटा व्याजाचा. अमेरिकेत २०२४ च्या आर्थिक वर्षात निव्वळ व्याज संरक्षणखर्चाच्या पुढे गेलं तेव्हा तिकडे केवढा गहजब झाला. आपल्याकडे ही गोष्ट इतकी जुनी आहे की तिची बातमी होत नाही.

बातमी न होण्याचं एक कारण राज्यघटनेत आहे. अनुच्छेद ११२(३) नुसार कर्जाचं व्याज आणि परतफेड हा एकत्रित निधीवर भारित खर्च. त्यावर चर्चा करता येते, मतदान होत नाही. कागदपत्रांत त्याला ‘मागणी’ही म्हणत नाहीत, नुसतं विनियोजन म्हणतात. संरक्षणाच्या मागण्यांवर लोकसभेत मतदान होतं, तेही कित्येक वर्षी चर्चेविना, गिलोटिनमध्ये, म्हणजे वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात तेव्हा. व्याज मात्र सगळ्यांच्या आधी पानात वाढलेलं असतं. प्राधान्यक्रमाच्या गप्पा मारताना हे ध्यानात ठेवा: घटनेने पहिला घास सावकाराला दिलेला आहे, आणि ते बरोबरच आहे. तसं नसतं तर कुणी ३०-४० वर्षांसाठी कर्ज दिलं नसतं.

सावकार कोण? बहुतांशी आपणच. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी सरकारी रोख्यांचा लिलाव करते. बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी बोली लावतात, पैसे पुढच्या कामाच्या दिवशी जमा. तुमच्या एलआयसीच्या हप्त्यातला मोठा भाग इथेच येतो. मे २०२५ मध्ये दहा वर्षांचा नवा रोखा आला, ६.३३ टक्के, मुदत २०३५. अशा रोख्याचा ३०,००० कोटींचा एक लिलाव झाला की वर्षाला १,८९९ कोटी व्याज ठरलं, निम्मं दर सहा महिन्यांनी, दहा वर्षं. त्या वर्षी बाजारातून एकूण उचल १४.८२ लाख कोटी ठरली होती. जुनी कर्जं फेडून निव्वळ ११.५४ लाख कोटी. शिवाय पोस्टाच्या अल्पबचतीतून ३.४३ लाख कोटी. परदेशी कर्जाचा वाटा नगण्य. म्हणून ‘देश गहाण’ वगैरे भाषा इथे लागू होत नाही. थकलेल्या रोख्यांची सरासरी मुदत १३ वर्षांच्या आसपास असल्यामुळे व्याजदर वर गेले तरी एका वर्षात सगळं अंगावर येत नाही. आपलं दुखणं वेगळं आहे. राजकोषीय तूट, म्हणजे त्या वर्षी काढायचं नवं कर्ज, १५.६९ लाख कोटी, व्याज १२.७६ लाख कोटी. फरक, म्हणजे प्राथमिक तूट, २.९३ लाख कोटी. नव्याने काढलेल्या दर शंभर रुपयांतले ८१ रुपये जुन्या कर्जाच्या व्याजाएवढे आहेत.

मग ‘संरक्षणाला जीडीपीच्या ३ टक्के द्या’ ही मागणी. संसदीय समितीनेही केलेली आहे, निवृत्त अधिकारी दर मुलाखतीत करतात, आणि ४२ मंजूर स्क्वाड्रनांच्या, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांच्या, जागी २९ वर आलेलं हवाई दल बघितलं तर ती का होते हे कळतं. तिचा हिशेब करू. १.९ वरून ३ टक्के म्हणजे ३५७ लाख कोटींवर साधारण ३.९ लाख कोटी जादा, दरवर्षी. प्राप्तिकरातून त्या वर्षी १४.३८ लाख कोटी अपेक्षित होते, त्याच्या पावपटीहून जास्त. कर वाढवायचा नाही, दुसरीकडचं काही कापायचं नाही, नुसतं कर्ज काढायचं म्हटलं तर? ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षीच्या कर्जावर वर्षाला २७,३०० कोटी व्याज. पाच वर्षं असंच केलं की नुसत्या या जादा कर्जाचं व्याज वर्षाला १,३६,५०० कोटी. शस्त्रखरेदीची त्या वर्षाची तरतूद १,४८,७२३ कोटी. म्हणजे पाच वर्षांत आपण त्या वर्षाच्या जवळपास अख्ख्या आधुनिकीकरणाएवढं कायमचं व्याज स्वतःवर लावून घेतो. जीडीपी वाढेल, आकडा सापेक्षतेने हलका होईल, हे मान्य. तरी विमानाला टोल लागत नाही. रस्ता कर्ज काढून बांधला तर वाहतूक वाढते, कर येतो, कर्ज फिटायला मदत होते. पाणबुडी विम्यासारखी आहे: उत्पन्न देत नाही, नसली तर सगळं जाऊ शकतं. विम्याचा हप्ता पगारातून भरतात, क्रेडिट कार्डावर नाही. म्हणून शांततेच्या काळातली नियमित शस्त्रखरेदी करांच्या पैशातून व्हावी आणि कर्ज काढण्याची ताकद राखून ठेवावी, असं माझं मत आहे. ती ताकदही शस्त्रागाराचाच भाग आहे.

याचे दोन्ही दाखले आपल्याच इतिहासात आहेत. १९६२ च्या पराभवानंतर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षण मंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपल्याकडे पाठ असतं. त्या धावण्याला पैसा कुठून आला ते कुणी सांगत नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी संरक्षणासाठी ८६७ कोटी धरले, युद्धाआधीच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. त्यासाठी जादा नफ्यावर कर, सक्तीची ठेव योजना, त्याआधी साडेसहा टक्क्यांचे सुवर्णरोखे, आणि जानेवारीत सुवर्ण नियंत्रण, ज्यात १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली आणि गावोगावचे सोनार उघड्यावर पडले. त्यातून सव्वाआठ लाखांची फौज, दहा पहाडी डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनांचं हवाई दल, अशी पाच वर्षांची योजना उभी राहिली. लोकांना बोचेल असा पैसा होता, पण बराचसा करांचा होता.

दुसरा दाखला ऐंशीच्या दशकाचा. १९८७-८८ च्या सुमारास संरक्षणखर्च जीडीपीच्या साडेतीन टक्क्यांवर गेला होता. शस्त्रांचा मोठा भाग सोव्हिएत उधारीवर, आणि एकंदर तूट फुगलेली. १९९१ ला परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, सोनं बाहेर गहाण गेलं. तुटीला एकटं संरक्षण जबाबदार नव्हतं, अनुदानं होती, तेल होतं. पण कात्री लागली तेव्हा शस्त्रखरेदीलाही लागली आणि नव्वदचं दशक तिन्ही दलांनी जुन्या मालावर काढलं. सोव्हिएत संघ फुटला तरी उधारी राहिली. जानेवारी १९९३ मध्ये रशियाशी करार करून तिची फेड रुपयांत बांधून घेतली, त्यातला एक हिस्सा तर ४५ वर्षांत, बिनव्याजी. त्या रुपयांत रशियाने आपल्याकडून चहा-तंबाखू नेला. तेव्हाच्या रणगाड्यांचे हप्ते असे चहाच्या पेट्यांतून गेले.

आणि उद्या खरंच युद्ध लागलं तर? दारं ठेवलेली आहेत. आकस्मिकता निधी २०२१ पासून ३०,००० कोटींचा आहे, साडेआठ दिवसांच्या व्याजाएवढा. तो पहिल्या काही दिवसांसाठी. मग अनुच्छेद ११५ खाली पुरवणी मागण्या. वित्तीय उत्तरदायित्व कायद्याच्या कलम ४(२) मध्ये राष्ट्रीय सुरक्षा आणि युद्ध ही तुटीचं लक्ष्य ओलांडायची पहिली कारणं दिलेली आहेत, पण वर्षाला जीडीपीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच. अर्धा टक्का म्हणजे १.७८ लाख कोटी, योगायोगाने एका वर्षाच्या भांडवली संरक्षणखर्चाएवढाच. त्या परिस्थितीत रिझर्व्ह बँकेला सरकारकडून थेट रोखे घ्यायलाही मुभा मिळते, एरवी ती बंद आहे. खरेदीची घाई असेल तर लडाखच्या वेळची वाट माहीत झाली आहे. जुलै २०२० मध्ये दलांना एकेका प्रस्तावामागे ३०० कोटींपर्यंतची तातडीची खरेदी स्वतः करण्याचे अधिकार दिले: सहा महिन्यांत मागणी, वर्षभरात माल यायला सुरुवात. त्याने दारूगोळा, ड्रोन, थंडीचे कपडे येतात. विमान आणि पाणबुडी येत नाही. ती दहा वर्षांपूर्वी सुरू केलेल्या हप्त्यांतूनच येते.

म्हणून पुढच्या बजेटला टीव्ही बंद करून तीन कागद काढा. ‘बजेट ॲट अ ग्लान्स’ मधून प्राथमिक तूट आणि व्याज. खर्चाच्या अंदाजपत्रकातून मागणी क्रमांक २१, आणि त्यात तीन रकाने शेजारी: गेल्या वर्षीचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, या वर्षीचा अंदाज. वाढ मोजायची ती सुधारित अंदाजावरून नाही, मूळ अंदाजावरून, नाहीतर कापलेले पैसे परत दिले तरी ती वाढच दिसते. तिसरा कागद त्याच दिवशी मिळत नाही. स्थायी समितीचे अनुदान मागण्यांवरचे अहवाल साधारण मार्चात येतात. दलांनी किती मागितलं आणि किती मिळालं, आणि कधीकधी हप्ते किती, हे तिथे तक्त्यात असतं. मंत्रालयाने २०२४-२५ मध्ये १९३ करार केले, २,०९,०५० कोटींचे. तेवढी रक्कम एका वर्षाच्या खरेदी तरतुदीपेक्षा जास्त आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजसचा ६२,३७० कोटींचा करार झाला. त्यांचे हप्ते कुठल्या वर्षी किती पडणार, हे या अहवालांच्या पुढच्या चार-पाच अंकांत शोधायचं.